काथ ते बगदाद

पक्षी एका नगराहून दुसऱ्या नगरी सरळ उडत जातो. माणसाची वाट मात्र घाट चढते, नदीला वळसा घालते. मग दोन नगरांमधील खरे अंतर ठरवावे कसे ? हजार वर्षांपूर्वी या प्रश्नाने एका थोर ज्योतिर्विदाचा पिच्छा पुरवला. त्याचे नाव अबू रैहान अल्बेरूनी.

त्याचा जन्म इ. स. ९७३ मध्ये मध्य आशियातील ख्वारिझम प्रांतात, काथ नगराजवळ झाला. तरुणपणीच त्याने माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून काथचे अक्षांश काढले. हे काम त्या मानाने सोपे. खरी अडचण होती रेखांशांची. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. म्हणून दोन नगरांच्या स्थानिक वेळांतील फरक समजला, की रेखांशांतील फरकही समजतो. पण दूरदूरच्या दोन माणसांनी एकच क्षण ओळखायचा कसा ? त्या काळी तारायंत्र नव्हते, दूरध्वनी नव्हता.

चंद्रग्रहण मात्र होते ! ते जेथून जेथून दिसते, तेथे सर्वत्र एकाच क्षणी लागते. इ. स. ९९७ च्या मे महिन्यात ग्रहण लागले, तेव्हा अल्बेरूनी काथमध्ये आणि अबुल वफा हा वयोवृद्ध गणिती बगदादमध्ये आकाशाकडे डोळे लावून होता. असे करण्याचे दोघांनी आधीच ठरवले होते. मागाहून नोंदी ताडून पाहिल्या, तो दोन्ही नगरांच्या वेळांत सुमारे एका तासाचे अंतर निघाले. अक्षांश आणि रेखांश हाती आले, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरील सरळ अंतर गणिताने काढता येते. आजही दोन विमानतळांमधील हवाई अंतर याच आधारावर काढतात.

अल्बेरूनीला स्वस्थता कधी लाभली नाही. इ. स. १०१७ मध्ये गझनीच्या महमुदाने ख्वारिझम जिंकले व त्याला आपल्याबरोबर नेले. पुढल्याच वर्षी काबूलजवळच्या एका खेड्यात तो अत्यंत हलाखीत होता. जवळ एकही उपकरण नव्हते. तेव्हा त्याने आकडेमोडीच्या फळीच्या पाठीवर वर्तुळाचा कंस आखला, ओळंबा लावला आणि सूर्य मोजला !

पुढे त्याला बगदाद व गझनी यांच्या रेखांशांतील फरक हवा होता. त्याने मधल्या नगरांचे अक्षांश जमवले, काफिल्यांच्या मार्गांची लांबी घेतली, वाटेच्या वळणांसाठी तीतून काही भाग वजा केला आणि टप्प्याटप्प्याने हिशेब जुळवला. या खटाटोपाचा ग्रंथ इ. स. १०२५ मध्ये पुरा झाला. त्याच्या उत्तरातील चूक अर्ध्या अंशाहूनही कमी होती.

यानंतर संस्कृत शिकून त्याने भारतावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पेशावर, मुलतान आदी नगरांचे स्वतः मोजलेले अक्षांश आहेत. कोकणातील ठाण्याचेही नाव त्यात येते. पण तेथवर तो कधी पोहोचला नाही. तिकडच्या वाटांची माहिती त्याने ऐकून लिहिली.