ताराबाई मोडक

खेळणे म्हणजे वेळ दवडणे आणि पाटी-पुस्तक घेऊन बसणे म्हणजेच शिकणे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. मूल शाळेत जाऊ लागले, की त्याचे खेळ संपले असेच मानले जाई. छडीच्या धाकाने ते वर्गात गप्प बसे. पण त्याचे मन मात्र अंगणातच घुटमळत राही. ही समजूत पालटण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव आदराने घेतले जाते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शाळेत पाठविणेही अनेकांस रुचत नसे, अशा त्या काळात १९१४ साली ताराबाई पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथे स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयाचे प्रमुखपद त्यांस मिळाले. ती मोठ्या मानाची नोकरी होती. परंतु भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी चालविलेल्या बालमंदिराची वार्ता त्यांच्या कानी आली. तेथे मादाम माँटेसोरी यांच्या पद्धतीने, शिक्षेवाचून व धाकावाचून मुलांना शिकविले जात असे. ताराबाईंनी नोकरीचा त्याग केला आणि १९२३ साली त्या गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या.

मूल आपल्या आवडीच्या खेळात रमते, तेव्हा त्याचे हात, डोळे, कान आणि बुद्धी ही सारी एकाच वेळी काम करीत असतात. ठोकळे रचताना त्यास लहानमोठेपणा कळतो, गाण्याच्या तालावर नाचताना अंक व शब्द सहज मुखी बसतात. म्हणून खेळासाठी शाळेच्या वेळातूनच वेळ काढला पाहिजे, हे तत्त्व ताराबाईंच्या मनात पक्के झाले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला.

पण शहरातील सुस्थितीतील मुलांना हा आनंद मिळाला, एवढ्याने त्यांचे समाधान होईना. खेड्यातील गरिबांच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांस अस्वस्थ करी. अखेर १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी येऊन राहिल्या. अनुताई वाघ यांच्यासारखी निष्ठावंत सहकारी त्यांस येथेच लाभली. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, चिंचोके, पाने, फुले, काड्या आणि माती हीच शाळेची साधने झाली. मोजणे, जुळविणे, रंग ओळखणे हे सारे त्यांतून साधू लागले.

तरीही हरिजनवाड्यातील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा शाळाच मुलांकडे न्यावी, असे ताराबाईंनी ठरविले. शिक्षिका साहित्य घेऊन वाड्यात जात, मुलांना न्हाऊ-माखू घालीत आणि तेथल्याच अंगणात खेळ, गाणी व गोष्टी सुरू करीत. अंगणात भरणारी ही वाडी म्हणून तिला अंगणवाडी असे नाव पडले.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासींच्या वस्तीत गेले. तेथील मुलांना गुरे राखावी लागत आणि मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे. त्यांस ना शाळेसाठी सवड, ना खेळासाठी. यावर उपाय म्हणून गुरे चरत असत त्या कुरणातच शाळा भरविण्यात आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकाच ठिकाणी आणल्याने थोरली बहीण शिके आणि धाकटे भावंड शेजारीच खेळे. अशा रीतीने कामात जखडलेल्या त्या मुलांचे बालपण त्यांस थोडेफार परत मिळाले.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९७५ साली सरकारने बालकांसाठी देशव्यापी योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज डहाणूच्या डोंगरातील पाडा असो, की राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा असो, अंगणवाडी हा शब्द ठाऊक नाही असे घर विरळाच. त्या शब्दामागे, मुलाला खेळू देणे हे थोरांचे कर्तव्य आहे असे मानणाऱ्या एका कर्तृत्ववान स्त्रीचे अविश्रांत श्रम आहेत.