लोह बॅरन आणि पांढरी द्राक्षे

इटलीच्या राजकीय इतिहासात बॅरन बेत्तिनो रिकासोली यांची नोंद कावूर यांच्यानंतरचे पंतप्रधान म्हणून आहे. वाइनच्या इतिहासात मात्र ते कियांतीचे सूत्र घालून देणारे म्हणून ओळखले जातात.

९ मार्च १८०९ रोजी फ्लॉरेन्समध्ये जन्मलेल्या रिकासोलींचे मातृपितृछत्र लहान वयातच हरपले. टस्कनीतील कियांतीच्या डोंगराळ भागातला ब्रोलिओचा किल्ला आणि सभोवतीची जमीन ही घराण्याची पिढीजात मालमत्ता. पण ती कर्जात बुडालेली होती. तरुण बॅरननी स्वतः शेतीत लक्ष घालून ती सावरली. शिस्त, धर्मनिष्ठा आणि करारी स्वभाव यांमुळे ते 'लोह बॅरन' म्हणून ओळखले जाऊ लागले.

१८५९ मध्ये ग्रँड ड्यूकने टस्कनी सोडल्यावर सत्तेची सूत्रे रिकासोलींच्या हाती आली. ड्यूकला परत आणण्याचे प्रयत्न त्यांनी दाद न देता परतवले आणि मार्च १८६० च्या सार्वमताने टस्कनी एकसंध इटलीच्या वाटेवर नेली. १८६१-६२ आणि १८६६-६७ असे दोनदा ते पंतप्रधान झाले.

राजकारणाच्या धकाधकीतही ब्रोलिओतील प्रयोग सुरूच राहिले. अनेक वर्षांच्या अनुभवाचे सार त्यांनी १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्राने कळवले. सांजोव्हेझे या काळ्या द्राक्षाने वाइनला सुगंध व जोम मिळतो, कानायोलोने तिचा कठोरपणा कमी होतो, तर माल्वाझिया या पांढऱ्या द्राक्षाने ती हलकी आणि रोजच्या जेवणास योग्य होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र दीर्घकाळ मुरवायच्या वाइनमध्ये माल्वाझिया टाळणेच इष्ट, हेही त्यांनी स्पष्ट केले होते.

२३ ऑक्टोबर १८८० रोजी ब्रोलिओ येथेच त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचे सूत्र लोकांच्या स्मरणात राहिले, त्यातील अट मात्र विसरली गेली. १९६७ च्या नियमांनी कियांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली. त्यांत रिकासोलींच्या सूत्रात नसलेल्या त्रेब्बियानोलाही स्थान मिळाले. परिणामी वाइन पातळ झाली व तिच्या लौकिकाला धक्का बसला. नाराज उत्पादकांपैकी काहींनी तर कियांती हे नावच सोडून दिले.

अखेर २००६ च्या हंगामापासून कियांती क्लासिकोमध्ये पांढऱ्या द्राक्षांना बंदी झाली. मुरवण्याच्या वाइनपुरता हाच निर्णय लोह बॅरननी १३४ वर्षांपूर्वी दिला होता.