ठक्कर बापा आणि ‘वगळलेला’ मुलूख

नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा आणि त्याभोवतीचा आदिवासी मुलूख पूर्वी पश्चिम खान्देशात मोडत असे. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी बांधवांसाठी आज ज्या आश्रमशाळा, वसतिगृहे आणि जमीनविषयक कायदे आहेत, त्यांच्या मुळाशी जाऊ लागलो की अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर हे नाव आमच्यासमोर येते. लोक त्यांना ठक्कर बापा म्हणत.

बापांचा जन्म २९ नोव्हेंबर १८६९ रोजी भावनगर येथे झाला. पुण्यात शिकून ते अभियंता झाले. पूर्व आफ्रिकेतील युगांडा रेल्वेवर व सांगली संस्थानात नोकरी करून ते मुंबई महापालिकेत आले. तेथे शहराचा कचरा वाहून नेण्याच्या कामावर देखरेख करताना सफाई कामगारांची वस्ती, त्यांचे कर्ज व त्यांच्या वाट्याला येणारी शिवाशिव त्यांनी रोज पाहिली. १९१४ साली, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नोकरी सोडली आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. ज्या वयात माणूस निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतो, त्या वयात त्यांनी व्रत घेतले, हे आम्हांस विशेष वाटते.

पंचमहालातील दुष्काळाच्या कामात त्यांना भिल्लांचे दारिद्र्य जवळून दिसले. दुष्काळ सरला तरी उपासमार सरत नाही, हे ओळखून १९२२ साली त्यांनी दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले. शाळा, आश्रम, औषधोपचार अशी ही कामे होती. पुढे मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमवेत बापाही सदस्य होते. याच समितीच्या कामासाठी बाबासाहेब १९२९ साली खान्देशात आले होते. १९३० साली समितीचा अहवाल आला आणि पाठोपाठ मुंबई इलाख्यात मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते सुरू झाले.

येथे एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. १९३५ च्या कायद्यानुसार देशातील काही आदिवासी प्रदेश ‘वगळलेले’ व काही ‘अंशतः वगळलेले’ ठरविण्यात आले. नवापूर पेठा, अक्राणी महाल व मेहवासी संस्थानिकांची गावे ही दुसऱ्या यादीत होती. बापांचा दाहोद तालुकाही तिच्यात होता. सर्वसाधारण कायद्यांपासून आदिवासींचे रक्षण करावे, असा यामागील हेतू सांगितला जाई. पण कायदा जेथे पोहोचत नसे तेथे सावकार पोहोचत असे. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ साली मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात कर्ज, वेठ व जमिनी हातच्या जाणे यांचे चित्र आहे. खान्देशातील सालदार वर्षाच्या आरंभी उचल घेई; साल संपले तरी ती फिटत नसे, म्हणून पुढचे सालही त्याच दारी जाई.

१९४१ साली पुण्याच्या गोखले संस्थेत दिलेल्या काळे स्मृती व्याख्यानात बापांनी या प्रश्नाची मांडणी केली. दारिद्र्य, निरक्षरता, अनारोग्य, दळणवळणाचा अभाव, सदोष प्रशासन आणि नेतृत्वाची उणीव ही कारणे त्यांनी सांगितली. यांत आदिवासींच्या स्वभावाला दोष देणारे एकही कारण नाही, याची नोंद घ्यावी. त्यांना एकांतात ठेवावे असे म्हणणाऱ्या विद्वानांशी बापांचा स्पष्ट मतभेद होता. संरक्षण जमिनीला हवे आणि माणसांपर्यंत मात्र शिक्षक, वैद्य व रस्ता गेला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

मिशनऱ्यांच्या धर्मांतराविषयी बापांचे मत अनुकूल नव्हते, हेही आम्ही येथे झाकून ठेवत नाही. तरीही १९४७ साली संविधान सभेच्या ज्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते, तिच्यात जयपालसिंग मुंडा हे ख्रिस्ती आदिवासी नेते सदस्य होते. आसामबाहेरील वगळलेल्या प्रदेशांचा विचार या उपसमितीकडे होता. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत मग जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालण्याचा, सावकारीचे नियमन करण्याचा अधिकार राज्यपालांना मिळाला आणि जमाती सल्लागार परिषदेची तरतूद झाली. ‘वगळलेले’ जाऊन ‘अनुसूचित’ हा शब्द आला.

जानेवारी १९५१ मध्ये बापांचे निधन झाले. संविधान लागू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत आले होते. कागदावरचा अधिकार खान्देशातील शेतात उतरण्यास आणखी दोन तपे लागली: आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचे महाराष्ट्राचे कायदे १९७४-७५ साली झाले, तेही शहाद्यात भूमिहीनांनी संघटित होऊन लढा दिल्यानंतर. नंदुरबार जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे आजही दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून जी रक्कम घेतली जाते, तिला उचल हेच नाव आहे.