प्लेगशी झुंजणारे हाफकिन

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत काम करू लागले. तेथे १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले व गावोगाव फिरून हजारो लोकांना त्यांनी ही लस दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. घरोघरी माणसे मरू लागली. लोक शहर सोडून पळू लागले. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात रात्रंदिवस खपून प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लोकांना मात्र लसीची भीती वाटत होती. तेव्हा तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी सर्वांसमक्ष लस घेतली. ते पाहून त्यांच्या समाजातील अनेक लोक पुढे आले.

पुढे ही लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. थोड्याच दिवसांत त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांना प्रमुखपद सोडावे लागले. लाखो लोकांसाठी झटणाऱ्या माणसावर निष्काळजीपणाचा ठपका बसला.

पण सत्य वेगळे होते. दगावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. इतर बाटल्यांतील लस घेणारे सुखरूप होते. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट उकळून न घेताच त्याने बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. म्हणजे दोष लसीत नव्हता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू नेटाने मांडली. अखेर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले आणि पुन्हा भारतात कामाला आले. मात्र त्यांची उमेदीची काही वर्षे वाया गेली होती.

१९२५ मध्ये मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

१९८५ मध्ये भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. आज हट्ट्यासारख्या गावातही बाळाला लस देताना परिचारिका नवी सुई घेते आणि बाटलीवरची तारीख पाहते. ही कामे लहान दिसतात, पण त्यांवर जीव अवलंबून असतात. चांगली लस शोधणे जितके मोलाचे, तितकेच ती स्वच्छ हातांनी देणेही मोलाचे आहे. आणि चूक घडलीच, तर घाईने कोणाला दोषी न ठरवता तिचे खरे कारण शोधले पाहिजे. हाफकिन यांचे जीवन आपल्याला हेच शिकवते.

स्वाध्याय

१. लोकांची लसीबद्दलची भीती कशी कमी झाली?
२. हाफकिन निर्दोष आहेत हे कशावरून कळले?
३. आपल्या गावात लस देताना कोणती काळजी घेतात, ते पाहा व पाच वाक्यांत लिहा.