वसईचे संत गोन्सालो गार्सिया



लोभ हा केवळ श्रीमंतांचा दोष होय, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी आहे, तोही शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून कुरकुरतो. अरण्यात इस्राएल लोकांस देव रोजचा मान्ना रोज पुरवीत होता. तरी कित्येकांनी दुसऱ्या दिवसाकरिता तो साठविला आणि सकाळी त्यात किडे पडलेले पाहिले. ह्या दोषावरील उपाय शोधावयास आपणांस फार दूर जावयास नको. आपल्या शेजारच्या वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे चरित्र त्यासाठी पुरेसे आहे.

वसई व मुंबईची बेटे १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. त्यानंतर सुमारे १५५७ साली गोन्सालो ह्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, तर आई ह्याच मातीतली. येशूसंघीय धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले आणि वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली व सुमारे आठ वर्षे लोकांस धर्मशिक्षण देण्याच्या कामी धर्मगुरूंस साहाय्य केले. आपणांसही येशूसंघात प्रवेश मिळावा, अशी त्यांची मनीषा होती. ती सफल झाली नाही.

तेव्हा त्यांनी व्यापार आरंभिला. भाषा अवगत, माणसे परिचित. साहजिकच धंदा भरभराटीस आला. मनाची मोठी इच्छा देवाने पुरविली नाही, की मनुष्य बहुधा रुसतो आणि ती उणीव पैशाने भरून काढू पाहतो. गोन्सालो ह्यांना तो मार्ग मोकळा होता. तथापि चालता धंदा सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. स्वतःचे म्हणून काही बाळगावयाचे नाही, हा त्या संघाचा नियम. तेथेही ते धर्मगुरू झाले नाहीत. साधे ब्रदर झाले. मागितलेल्या स्थानाऐवजी मिळालेले हे स्थान त्यांनी पत्करले आणि मरेपर्यंत सोडले नाही.

१५९३ साली फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराचे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला गेले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो त्यांच्यासमवेत होते. क्योतो येथे ह्या मंडळींनी देऊळ बांधले व कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. ज्या देशात गोन्सालो पूर्वी धर्मशिक्षणाच्या कामी राबले होते, त्याच देशात ते आता रिक्त हस्ताने सेवा करू लागले.

त्या काळी जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी होता. हीन स्थितीतून वर चढून त्याने सारा देश आपल्या मुठीत आणला होता. तेवढ्यानेही तृप्ती न होऊन १५९२ साली त्याने कोरियावर स्वारी केली. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नामक स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले, तेव्हा त्यावरील मौल्यवान माल त्याने जप्त केला. त्यात परकीयांविषयीच्या संशयाची भर पडली व ख्रिस्ती लोकांवर संकट कोसळले. गोन्सालो व त्यांचे सोबती पकडले गेले. त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, आणि ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत बारा वर्षांचा एक बालकही होता. पुढील वर्षीच हिदेयोशी मरण पावला. जप्त केलेला माल येथेच राहिला. गोन्सालो ह्यांना १६२७ साली धन्यवादित व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी संत म्हणून घोषित केले.

धर्मग्रामस्थांनो, ह्या दोघांपैकी समाधानी कोण, हे सांगावयास नको. आपल्या अँटॉप हिलच्या चाळींत व वसाहतींत आपण काय पाहतो? खोलीच्या वाटणीवरून भावाभावांत अबोला धरला जातो. शेजारच्या घरातील नवी वस्तू पाहून आपल्या घरातले सुख कडू होते. कष्ट करून मुलाबाळांची स्थिती सुधारणे हे पाप नव्हे. गोन्सालो ह्यांचा व्यापारही पाप नव्हता. परंतु देवाने दिलेले दिसेनासे व्हावे आणि न दिलेलेच डोळ्यांपुढे राहावे, तेथे लोभाचा आरंभ होतो.

म्हणून ह्या महोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने सायंप्रार्थनेच्या वेळी, काही मागण्यापूर्वी, त्या दिवशी मिळालेल्या एका तरी दानाचे नाव घेऊन देवाचे आभार मानावेत. ज्या घरात अबोला आहे, तेथे वडीलधाऱ्याने प्रथम बोलावे. भरलेले दुकान सोडून क्रुसापर्यंत गेलेला हा आपला वसईकर बंधू आपणांसाठी देवाजवळ विनंती करो.