दिल्लीशी बिनसले, आमदारही पांगले : देवराज अर्स यांची कारकीर्द

म्हैसूर, 20 ऑगस्ट : म्हैसूर जिल्ह्याच्या हुणसूर तालुक्यातील कल्लहळ्ळी हे देवराज अर्स यांचे गाव. 20 ऑगस्ट 1915 रोजी जन्मलेले अर्स 1941 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या प्रातिनिधिक सभेत निवडून आले आणि स्वातंत्र्यानंतर हुणसूरचे आमदार झाले.

1969 मध्ये काँग्रेस दुभंगली, तेव्हा राज्यातील बहुतेक वजनदार नेते पक्षशिस्तीचा आग्रह धरणारे अध्यक्ष एस. निजलिंगप्पा यांच्यामागे उभे राहिले. अर्स यांनी इंदिरा गांधींची बाजू घेतली. 1972 मध्ये ते मुख्यमंत्री झाले. 1974 च्या कायद्याने कुळांना कसत असलेल्या जमिनीची मालकी मिळाली. हावनूर आयोगाच्या अहवालानंतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा विस्तार झाला. आणीबाणीत मात्र त्यांनी पक्षनेतृत्वाविरुद्ध ब्र काढला नाही, हेही नोंदवले पाहिजे. 1978 मध्ये इंदिरा गांधींना चिकमगळूरमधून लोकसभेत पाठवण्यात त्यांचाच पुढाकार होता.

वर्षभरात हे संबंध तुटले. मुख्यमंत्रिपद व प्रदेशाध्यक्षपद एकाच हाती नको, असे दिल्लीचे म्हणणे होते. अर्स यांनी ते मानले नाही. 1979 च्या मध्यास त्यांची हकालपट्टी झाली. यात तत्त्व किती आणि सत्तेचा हिशेब किती, हे वेगळे काढणे कठीण. तरी बहुसंख्य आमदार त्यांच्यासोबत राहिले, सरकार टिकले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी काँग्रेसच पुढे शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली समाजवादी काँग्रेस झाली.

जानेवारी 1980 च्या लोकसभा निवडणुकीत कर्नाटकातील 28 पैकी 27 जागा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या आणि काही दिवसांतच अर्स यांचे आमदार पलीकडे गेले. 1978 मध्ये ते इंदिरा गांधींच्याच नावावर निवडून आले होते. त्यामुळे स्वगृही परतल्याचा दावा त्यांना करता येत होता. अर्स यांनी राजीनामा दिला. त्याच विधानसभेने आर. गुंडूराव यांना मुख्यमंत्री केले. पक्षांतरबंदी कायदा 1985 मध्ये आला. पण तो आधी असता तरी ही रांग अडली नसती. एक तृतीयांश सदस्यांची फूट मूळ कायद्यात वैध होती. ती सवलत 2003 मध्ये रद्द झाली.

6 जून 1982 रोजी अर्स यांचे निधन झाले. अखेरच्या काळात त्यांनी उभारलेल्या क्रांती रंगाने जनता पक्षाशी हातमिळवणी केली आणि जानेवारी 1983 मध्ये गुंडूराव यांचे सरकार पराभूत झाले.