हंसा वाडकर : कमाई तिची, मालकी इतरांची

गांधीबागेच्या कापडबाजारात राबणाऱ्या बाया आमच्याकडे तक्रार घेऊन येतात, तेव्हा आम्ही आधी विचारतो, पगार कोणाच्या हातात पडतो? उत्तर बहुधा नवरा, बाप किंवा भाऊ. अशा वेळी आम्हाला हंसा वाडकर आठवतात.

हंसाबाई मूळच्या रतन साळगावकर. जन्म २४ जानेवारी १९२३ चा, मुंबईचा. घराण्याला कलावंतिणींचा वारसा. ज्या धर्मव्यवस्थेने देवाच्या नावावर बाईला नाचवले, तिनेच तिला कुलीनांच्या उंबऱ्याबाहेर ठेवले. मुंबई प्रांतात देवदासी संरक्षण कायदा झाला तो १९३४ साली. १६ जून १९३६ रोजी बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी भगिनींना तो धंदा सोडून मानाने जगण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी तेरा वर्षांची रतन घरची चूल पेटावी म्हणून 'विजयाची लग्ने' या चित्रपटात उभी राहिली. नाव बदलले, नशीब नाही.

बॉम्बे टॉकीजचा 'नवजीवन' (१९३९), प्रभातचा 'संत सखू' (१९४१), 'रामशास्त्री' (१९४४), शांतारामबापूंचा 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), 'पुढचं पाऊल' (१९५०) अशी त्यांची वाटचाल झाली. ज्या तमाशाला गावकुसाबाहेरच्या जातींनी घाम गाळून जगवले, त्या फडातली बाई त्यांनी पडद्यावर जिवंत केली. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे चालला.

पडद्यामागचे चित्र वेगळे होते. कोवळ्या वयात जगन्नाथ बांदरकरांशी लग्न झाले. संसार करावा, काम सोडावे ही बाईंची इच्छा. पण कमावती बाई घरी बसवणार कोण? आधी माहेर त्यांच्या कमाईवर जगले, मग सासर. त्या घर सोडून गेल्या, तर मराठवाड्यात एका घरात तिसरी बायको होऊन कोंडल्या गेल्या. दारूने शरीर पोखरले.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने स्त्रीने स्वतःच्या कसबाने व श्रमाने मिळवलेल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. त्याचे मूळ बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात आहे. ते बिल अडवले गेले म्हणून त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. हंसाबाईंच्या उमेदीची वर्षे कायदा येण्याआधीच सरली होती.

पण त्या गप्प राहिल्या नाहीत. अरुण साधूंच्या शब्दांकनातून त्यांनी 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन दिले. स्वतःच्या चुकाही लपवल्या नाहीत. २३ ऑगस्ट १९७१ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी त्या गेल्या. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्या आत्मकथनावरून 'भूमिका' काढला. स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कायदा पुस्तकात आहे, पण घरात पोचायचा आहे. आपल्या वस्तीतल्या कमावत्या लेकीचे बँकेचे पासबुक कोणाच्या पेटीत आहे, ते आज प्रत्येकाने तपासावे. ते तिच्या हाती द्यायला कोर्टाच्या हुकमाची गरज नाही.